खसखशीहून बारीक चार ठिपके

सावेबाईंच्या साडीला फॉल लावायचं काम माझं नव्हतं. ते मी आपणहून अंगावर घेतलं.

माझी बायको सुनीता घरी फॉल-पिकोचं काम करते. बोळिंजच्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या खिडकीशी तिचं मशीन आहे, शेजारी दांडीवर लोकांच्या साड्या. त्या रविवारी ती साखरपुड्याला गेली होती. जाताना म्हणाली, "चौथ्या मजल्यावरच्या सावेताईंची साडी संध्याकाळी द्यायचीय. आल्यावर बसते."

मी म्हटलं, दमून येईल बिचारी. आपणच लावून टाकू. पंचवीस वर्षं मी केसाहून बारीक सोन्याच्या तारा चिकटवतोय, मला फॉलचं काय? बसलो सुई-दोरा घेऊन. टाके इतके बारीक घातले की काठाच्या बाजूने दिसूच नयेत. मग एवढा बारीक टाका पदोपदी कशाला, म्हणून वीतभर अंतराने एकेक घातला. दीड तासात साडी तयार. चष्मा काढून मी तिच्याकडे कौतुकाने बघत बसलो.

सुनीता आली, साडी कपाटाच्या दारावर टाकली आणि खालचा काठ धरून हलकेच ओढला. दोन टाक्यांच्या मधोमध एक सरळ, ताठ चुणी उमटली. सगळा ताण त्या एका रेघेवर. दोन्ही बाजूंचं कापड सैल लोंबतंय.

"हे काय केलंत?"

"टाके बघ ना. दिसतायत का?"

"टाका दिसत नाही म्हणून काय त्याची आरती करू? पूर्ण काठाला धरायला हवं. ठिपक्याला धरलंत तर ताण ठिपक्यातूनच जाणार."

आणि तिने लगेच फोन उचलला. मी म्हटलं, "लाइट गेली होती म्हणून सांग." तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. "सावेताई, साडी आज नाही मिळायची. आमच्याकडून चूक झाली. उसवून उद्या देते." बस. फोन ठेवला आणि उसवायला बसली.

मी मात्र कपाटासमोर उभाच राहिलो. ती चुणी मी आधी पाहिली होती. कापडात नव्हे. तीन वर्षं, रोज, आलेखाच्या कागदावर.

आता हे समजायला माझी नोकरी काय ते सांगायला हवं. आमच्या सोसायटीत तीन मतं आहेत. सेक्रेटरींना वाटतं मी अणुबॉम्ब करतो. वॉचमनला वाटतं मी फ्रिज दुरुस्त करतो. सासरेबुवा गेले तेव्हा जावई 'मॅग्नेटमध्ये' आहे एवढंच त्यांना ठाऊक होतं. तिघांत वॉचमन सत्याच्या सगळ्यात जवळ आहे.

मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत मी तंत्रज्ञ आहे. शास्त्रज्ञ नव्हे. शास्त्रज्ञ विचार करतात, मी तारा चिकटवतो. आमच्याकडे एक मोठं चुंबक आहे, चौदा टेस्लाचं. फ्रिजवर आपण लाइट बिल लावून ठेवतो ना, त्या चुंबकाच्या हजारो पट. त्याच्या पोटात द्रवरूप हेलियम असतो, शून्याखाली दोनशे एकोणसत्तर अंश. त्या थंडीत एक स्फटिक उतरवायचा, चुंबकाचा जोर वाढवत न्यायचा आणि स्फटिकातून वीज कशी वाहते ते मोजायचं.

कशासाठी? तर काही पदार्थ असे आहेत की ते धड धातू नाहीत आणि धड विजेला अडवणारेही नाहीत. अर्धधातू. त्यांच्यात इलेक्ट्रॉन मोजकेच, पण जे आहेत ते मोकाट धावणारे. त्यातल्या काहींमध्ये इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेचे दोन पट्टे एका बिंदूत एकमेकांना टेकतात. डमरू डोळ्यांसमोर आणा, वरचा शंकू आणि खालचा शंकू, मध्ये एक टोक. ते टोक सहजासहजी सुटत नाही. स्फटिक जरा दाबला, जरा ओढला, तरी गाठ तशीच राहते. गाठ सोडवायची तर दोराच तोडावा लागतो. अशा न सुटणाऱ्या गाठींच्या पदार्थांना टोपॉलॉजिकल अर्धधातू म्हणतात. शास्त्रज्ञांना त्यांचं वेड आहे. मला पगार त्यांच्या वेडाचा मिळतो.

आत डोकावून तर बघता येत नाही. मग माठ घेताना आपण टिचकी मारून कान लावतो, तसं करायचं. चुंबकाचा जोर वाढवला की इलेक्ट्रॉन गोल फिरू लागतात, आणि स्फटिकाचा रोध लाटेसारखा वरखाली होतो. त्या लाटा मोजल्या की आत इलेक्ट्रॉनांचं अंगण केवढं आहे ते कळतं. स्फटिक थोडा वळवून पुन्हा मोजलं की अंगणाचा आकार कळतो. टिचकी मारणारे आम्ही, कान लावणारे शास्त्रज्ञ.

गिऱ्हाइकंही एकेक. एक प्राध्यापक महाशय स्फटिक कुंकवाच्या डबीत घालून घेऊन आले. डबी आईची, म्हणून धुतली नव्हती. त्यातल्या लाल दाण्यांपैकी संशोधन कोणतं आणि सौभाग्य कोणतं, हे शोधण्यात आमची दुपार गेली. एकदा चुंबक आतून तापलं आणि सगळा हेलियम गर्जना करत छतातल्या नळीतून सुटला. पांढरा धूर कोंडला, सगळे बाहेर पळाले. मीही पळालो. नंतर मला शूर म्हणून गौरवलं, कारण मी धुरात परत शिरलो होतो. मी डबा आणायला शिरलो होतो. त्या दिवशी भरली वांगी होती.

अशा गमती सांगून मी लग्नाकार्यात बरीच वर्षं काढली. ही पुढची गोष्ट मात्र मी कोणाला सांगितलेली नाही.

स्फटिक असतो साखरेच्या दाण्याएवढा. त्याच्यावर चार तारा लावायच्या. बाहेरच्या दोन तारांतून करंट आत-बाहेर, मधल्या दोनवर व्होल्टेज मोजायचं. तार सोन्याची, आणि चिकटवायला चांदीची पेस्ट. सूक्ष्मदर्शकाखाली, श्वास रोखून, एका केसाच्या टोकाने ठिपका ठेवायचा. माझे ठिपके खसखशीहून बारीक. इतर प्रयोगशाळांची माणसं येऊन बघून जायची. आमचे सर पाहुण्यांना सांगायचे, "परब आहेत म्हणून आमचा डेटा आहे." मी आपला खाली मान घालून पेस्ट ढवळत असे. पण ऐकत असे. प्रत्येक वेळी ऐकत असे.

शर्वरी म्हात्रे आमच्याकडे पीएचडीला आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिने माझे ठिपके सूक्ष्मदर्शकातून पाहिले आणि म्हणाली, "काका, आमच्या गावात तुम्हाला रांगोळीला उभं केलं असतं." ती जूचंद्रची. तिथे घरटी एक तरी रांगोळी काढणारा. तिचाही हात तसाच. स्फटिक करायची तिची पद्धत सांगतो. काचेसारख्या क्वार्ट्झच्या नळीत पूड भरायची, चिमूटभर आयोडीन टाकायचं, हवा काढून नळीचं तोंड वितळवून बंद करायचं आणि भट्टीत ठेवायची. एक टोक जास्त गरम, दुसरं जरा कमी. तीन आठवडे हात लावायचा नाही. मग एका टोकाला काळे चकचकीत दाणे धरतात. धरले तर धरतात. तिची पहिली दोन वर्षं नुसत्या काळ्या भुकटीत गेली.

एका दिवाळीत तिने आम्हा दोघांना घरी बोलावलं होतं. अंगणात तिने मोठा डमरू काढला होता, टोकाला टोक टेकलेले दोन शंकू, हिशोबात रंग भरलेले. तिचे वडील ओटीवर बसले होते. आयुष्य मिठागरात गेलेला माणूस, पावलं पांढरी, चिरलेली. शर्वरी सांगत होती, हेच मी शोधतेय म्हणून.

ते म्हणाले, "यो डमरू शोधायला सहा वर्सं?"

"पाचच झालीत बाबा."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, हिचे दाने धरत नव्हते तवा रडायची. मी सांगितला, पानी हलवू नको. मिठागरात पानी हलवला का मीठ बारीक पडतं. गप ऱ्हावाला लागतं."

"आमच्याकडे पाणी नसतं हो," मी म्हटलं.

"पानी नसंल. गप ऱ्हायाचा तं असंल ना?"

गप्प राहण्याचा तो सल्ला मी पुढे भलत्याच जागी वापरला.

तिसऱ्या वर्षी दाणे धरले. आणि तिच्या एका स्फटिकात आम्हाला ती गोष्ट दिसली. चुंबकाची दिशा आणि करंटची दिशा एकच ठेवली की अशा पदार्थात रोध वाढण्याऐवजी उतरायला हवा, असं सिद्धान्त सांगतो. डमरूच्या टोकाची ती खूण मानतात. आमचा आलेख उतरला. सुंदर, गुळगुळीत, घसरगुंडीसारखा. सरांनी पेढे आणले. पुढची तीन वर्षं त्या उतारावर उभी राहिली. प्रबंध त्याच्यावर, तयार होत आलेला लेख त्याच्यावर, आणि दुसऱ्या शहरातल्या एका संस्थेत कायम नोकरीची मुलाखत होती, तीही त्याच्यावर. शर्वरीचं वय बत्तिशीच्या पुढे गेलं होतं. घरी लग्नाचं विचारणं बंद झालं होतं, आता फक्त नोकरीचं विचारायचे. ती मला म्हणायची, "काका, एवढं एक झालं की बाबांना घेऊन जाते तिकडे. डॉक्टर पायाला खाऱ्या हवेपासून लांब ठेवा म्हणतात."

तर त्या रविवारी मी कपाटासमोर उभा होतो आणि मला काय दिसलं ते ऐका.

अशा पदार्थात इलेक्ट्रॉन मोकाट असतात, आणि चुंबकाचा जोर वाढला की ते आडवे पसरू शकत नाहीत. करंट जर एका ठिपक्यातून आत सोडला, तर तो स्फटिकभर पसरत नाही. ठिपक्यापासून ठिपक्यापर्यंत एकाच बारीक धारेत जातो. त्या चुणीसारखा. बाजूचा भाग सैल, रिकामा. आणि तुमच्या व्होल्टेजच्या तारा जर त्या रिकाम्या भागात असतील, तर त्यांना व्होल्टेज कमी कमी होताना दिसतं. तुम्ही म्हणता, रोध उतरला. रोध उतरलेला नसतो. करंट तुमच्या तारांजवळून जातच नसतो.

याबद्दलचे इशारे छापून आले होते. आम्ही सगळ्यांनी वाचलेही होते. पण इशारा नेहमी दुसऱ्यासाठी असतो. आमच्याकडे परब होते. आणि गंमत बघा, ठिपका जितका बारीक, तितकी धार बारीक. माझ्याइतका कुशल हात नसता, एखाद्या धांदरटाने पेस्ट फासून ठेवली असती, तर ती चूक कदाचित झालीच नसती.

सोमवारी मी गप्प होतो. मंगळवारी शर्वरी मुलाखतीच्या तयारीसाठी घरी होती. मी तिच्याच डबीतला एक स्फटिक घेतला आणि करंटच्या दोन्ही टोकांना पूर्ण रुंदीभर चांदीची पेस्ट लावली, पावाला लोणी लावतात तशी, कडेपासून कडेपर्यंत. इतकं ओबडधोबड काम मी आयुष्यात केलं नव्हतं. स्फटिक आत उतरवला. शून्य ते चौदा.

आलेख उतरला नाही. जरासा वर चढला आणि तसाच राहिला.

मी स्फटिक बाहेर काढला, पेस्ट पुसली, माझे नेहमीचे बारीक ठिपके लावले. उतार परत आला. मग व्होल्टेजच्या तारा दुसऱ्या कडेला, धारेच्या वाटेवर लावल्या. आता आलेख वर चढला. एकच स्फटिक. ठिपका हलवला की निसर्गनियम बदलतो. चहा करायला उठलो आणि चहा न करताच परत बसलो.

मुलाखतीला सोळा दिवस होते.

मी फाइल माझ्या फोल्डरमध्ये ठेवली आणि कोणाला बोललो नाही. मनाशी म्हटलं, आत्ता सांगितलं तर पोरगी कोलमडेल. मुलाखत होऊन जाऊ दे. नोकरी हातात आली की शांतपणे सांगू. या सोळा दिवसांत ती मला चार वेळा भेटली. एकदा तिने तिचं सादरीकरण मला दाखवलं. तो आलेख मधोमध होता, लाल रंगात. "कसा वाटतो, काका?" मी म्हटलं, "रंग जरा भडक आहे."

मुलाखतीहून ती आली तेव्हा पिशवी खांद्यावरून न काढताच माझ्या टेबलाशी बसली. समितीतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी एकच प्रश्न विचारला होता. करंटचे कॉन्टॅक्ट केवढे होते? पूर्ण रुंदीचे की ठिपके?

"मी काय सांगितलं माहितीय, काका? मी म्हटलं, ठिपके, आणि खूप बारीक. आमच्या परबकाकांसारखा हात कुठे नाही. मी तुमचं कौतुक केलं तिथे."

"मग?"

"मग त्या हसल्या. वाईट नाही हसल्या. म्हणाल्या, म्हणजे तुम्ही तपासलं नाहीत. आणि पुढचं काही विचारलंच नाही कोणी."

थोडा वेळ ती टेबलावरच्या चिमट्यांची जागा बदलत बसली. मग म्हणाली, "चला काका, पूर्ण रुंदीचे लावून बघू या. आत्ताच."

तेव्हा तरी सांगायचं. मी काय केलं? मी मान हलवली आणि पेस्ट ढवळायला घेतली. जणू हे पहिल्यांदाच करतोय. सूक्ष्मदर्शकात डोळा घातला की माणसाचा चेहरा दिसत नाही, ही या धंद्यातली मोठी सोय आहे. ती संगणकाशी जाऊन बसली, नव्या मोजणीसाठी जागा करायला. माझा फोल्डर उघडा होता.

माउस दोनदा टिकटिकला. बाकी चुंबकाच्या पंपाची घरघर.

"काका, ही पूर्ण रुंदीची फाइल कसली?"

मी डोळा काढला नाही.

"तारीख सात आहे," ती म्हणाली. मग तिने बोटांवर दिवस मोजल्याचं मला ऐकू आलं. म्हणजे ऐकू येत नाही, पण मला आलं. "मुलाखतीच्या सोळा दिवस आधीची."

"तुझी मुलाखत होती ना," मी म्हटलं. "म्हटलं, मन विचलित नको."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती तेवढ्याच हळू आवाजात म्हणाली, "काका, तुम्ही मला सांगितलं असतं ना, तर मी तिथे जाऊन हेच सांगितलं असतं. की आमचं चुकलं होतं आणि ते आम्हीच शोधून काढलं. ही तिसरी मोजणी, तारा हलवून केलेली, किती स्वच्छ आहे. त्या बाईंना हेच तर ऐकायचं होतं."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सोळा दिवस मी तिला एका वाईट बातमीपासून वाचवत होतो, आणि तीच तिची खरी मिळकत होती. मी ती फोल्डरमध्ये घालून ठेवली होती.

तिने पेनड्राइव्हवर फाइल उतरवून घेतली. पिशवी अजून खांद्यालाच होती. दारात थांबून म्हणाली, "थँक यू, काका. डेटा चांगला आहे."

पुढचं थोडक्यात. लेख सरांनी थांबवला. मला म्हणाले, "होतं असं, परब." पाहुण्यांसमोर माझं नाव घेणं त्यांनी बंद केलं नाही, पण मी ऐकणं बंद केलं. शर्वरीने आणखी एक वर्ष घालवून त्या लाटांच्या मोजणीवर प्रबंध पुरा केला. तिथे चुंबक करंटला आडवं असतं, माझ्या ठिपक्यांनी काही बिघडवलं नव्हतं. डॉक्टर झाली. तोवर एक-दोन ठिकाणची वयाची मर्यादा उलटून गेली होती. आता ती घराजवळच, नायगावला अकरावी-बारावीच्या क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवते. चांगलं शिकवते, असं आमच्या सोसायटीतला एक मुलगा सांगतो. वडील जूचंद्रलाच आहेत, खाऱ्या हवेत.

मागच्या हिवाळ्यात ती मला आमच्याकडच्या होळी नावाच्या भाजीबाजारात भेटली. मी वालाच्या शेंगा निवडत होतो. तिच्या पिशवीतून मुळ्याचा पाला बाहेर आला होता.

"काका, हात कसाय?"

"थरथरतो आता थोडा."

"मग बरं," ती म्हणाली आणि हसली. खरंच हसली, मनात काही न ठेवता. "ठिपके मोठे येत असतील."

तिथे सांगायचं होतं. मी म्हटलं, "या शेंगा कोवळ्या आहेत, घे तूही." तिने घेतल्या. दोघं आपापल्या बाजूला गेलो.

काय सांगायचं होतं, तेही लिहितो. ते लिहायलाच तर हा सगळा पसारा मांडला. मी तिला म्हटलं होतं, तुझं मन विचलित होऊ नये म्हणून गप्प राहिलो. ते खोटं आहे. निदान अर्ध्याहून जास्त खोटं आहे. त्या सोळा दिवसांत मी तिच्या मनाचा विचार केला असेल चार-पाच वेळा. बाकी सगळा वेळ मी माझ्या हाताचा विचार करत होतो. पंचवीस वर्षं ज्या एका गोष्टीसाठी लोक मला ओळखत होते, तीच गोष्ट चूक होती, हे मला माझ्या तोंडाने म्हणायचं नव्हतं. नोकरी तिला मिळाली असती तर मी कधीच सांगितलं नसतं, हेही मला ठाऊक आहे. परबकाका प्रेमळ म्हणून गप्प बसले, असं ती समजते. ती मला माफ करते ती एका भलत्याच गुन्ह्यासाठी.

आता मी करंटचे कॉन्टॅक्ट पूर्ण रुंदीचे लावतो. नव्या मुलांना त्याचं कारण सांगतो, नाव न घेता. "एकाने अशी चूक केली होती," म्हणतो. मुलं विचारतात, कोणी? मी सूक्ष्मदर्शकात डोळा घालतो.

यंदा आमच्या भागातल्या एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी सांगितलं, "परब, तुमच्या नोकरीतल्या गमतीजमती लिहा, हलकंफुलकं." मी भरल्या वांग्यांपासून सुरुवात करणार होतो. लिहिता लिहिता इथे आलो. इथवरचे कागद काल मी सुनीताला वाचायला दिले. ती एका शालूच्या पिकोत होती, पण मशीन थांबवून तिने शेवटपर्यंत वाचले. वाचताना तिचा पाय मशीनच्या पायडलवरच होता.

"शर्वरीनं वाचलंय हे?" तिने विचारलं.

"नाही. अंक आला की नेऊन देईन म्हणतो. तिलाही बरं वाटेल, छापून आलेलं."

तिने कागद एकावर एक नीट केले. कडा जुळवल्या. माझ्या हातात दिले.

"म्हणजे पुन्हा तेच," ती म्हणाली. "सगळ्या गावाला आधी, आणि तिला तारीख बघून कळणार. सावेताईंना फोन करायला मला एक मिनिट लागलं नव्हतं, अहो. शनिवारी जूचंद्रला जाऊ. मी येते बरोबर. पण बोलायचं तुम्ही."